उणे वीसमध्ये यंत्राला जाग येते तेव्हा...

थंडीचा पहिला निरोप आपल्या घरात कोण आणतं? न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली. पारा विशीच्या आसपास उतरला की तेल पांढरं पडतं, थिजतं. मग कुणीतरी ती बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवतं, उन्हात ठेवतं आणि पाच-दहा मिनिटं वाट पाहतं. बाटली पिळून तेल निघत नाही हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

आता जरा कल्पना करा. बाटलीच्या जागी दीड-दोनशे लिटर तेलाची टाकी आहे. ती वीस टनांच्या पोकलेनच्या पोटात आहे. पारा विशीवर नाही, शून्याच्या खाली वीस अंशांवर आहे. आणि समोर दोन मजली घराएवढी बर्फाची भिंत उभी आहे. तिच्या पलीकडे भाजीचे ट्रक, गॅस सिलिंडर, औषधं आणि घरी निघालेली माणसं खोळंबली आहेत. सगळ्यांची एकच मागणी आहे, 'लवकर करा!'

आणि नेमकं तेच करायचं नाही. कडाक्याच्या थंडीत हायड्रॉलिक यंत्र चालवणाऱ्याचा पहिला धडा हा आहे. यंत्र थंडीनं जितकं मोडतं, त्याहून जास्त थंडीतल्या घाईनं मोडतं. आणि मोडताना कधी कधी माणसालाही सोबत घेऊन जातं.

बोटाच्या जोरावर हत्ती

आपल्या गल्लीत गटाराचं काम निघालं की येणारा जेसीबी, पुलाच्या कामावरची क्रेन, गोदामातली फोर्कलिफ्ट, गॅरेजात गाडी वर उचलणारी लिफ्ट, कचऱ्याचा डबा उलटा करणारी नगरपालिकेची गाडी, या सगळ्यांच्या अंगातलं बळ एकाच तत्त्वातून येतं. सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते मांडलं. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. दोन चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर दहा किलोचा जोर दिला, तर दोनशे चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या हजार किलो उचलतो. या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं 1795 साली घेतलं. त्याच्या यंत्रात पाणी होतं. आजच्या यंत्रात तेल असतं.

हे तेल म्हणजे यंत्राचं रक्तच. इंजिन पंप फिरवतं, पंप टाकीतलं तेल ओढून जाड होज पाइपांमधून सिलिंडरमध्ये रेटतो, सिलिंडरचा रॉड बाहेर येतो आणि लोखंडी हात वर उचलला जातो. मोठ्या पोकलेनमध्ये हा दाब साडेतीनशे बारपर्यंत जातो. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये जेमतेम दोन बार असतात. म्हणजे नखाएवढ्या जागेवर साडेतीनशे किलो वजन ठेवल्यासारखं हे झालं! एवढा दाब पेलणारी यंत्रणा तापमानाच्या बाबतीत मात्र भलतीच नाजूक आहे.

तेलाची काकवी होते

हायड्रॉलिक तेल खोबरेलासारखं एकदम थिजत नाही. ते हळूहळू दाट होत जातं, काकवीसारखं. मैदानी भागात सर्रास वापरल्या जाणाऱ्या तेलाच्या डब्यावर 46 हा आकडा असतो. चाळीस अंश तापमानाला त्या तेलाचा दाटपणा किती, ते हा आकडा सांगतो. तेच साधं तेल शून्य अंशावर आलं की हा आकडा साधारण पावणेसहाशेच्या घरात जातो. उणे वीसला तो चार हजारांच्या वर चढतो. चाळीस अंशांच्या मानानं जवळपास शंभरपट दाट! हजार-दीड हजाराच्या पुढचा दाटपणा बहुतेक पंपांना सोसत नाही.

मग काय होतं? पंप ओढतो, पण टाकीतून तेल पुरेसं येत नाही. पंपाच्या तोंडाशी पोकळी तयार होते, तेलात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते. हे बुडबुडे पुढे दाबाखाली सापडले की फुटतात आणि फुटताना आसपासच्या धातूचे बारीक कण उडवतात. पत्र्याच्या डब्यात खडी घालून हलवावी, तसा आवाज येतो. जाणता ऑपरेटर तो ऐकताच हात आखडता घेतो. नवखा म्हणतो, 'थंडीमुळे कुरकुरतंय, चालेल.' त्या कुरकुरीच्या काही तासांत लाखो रुपयांचा पंप आतून कुरतडला जातो.

हिमालयात याला आणखी एक पदर आहे. टाकीतलं तेल पंपाकडे ढकलायला बाहेरच्या हवेचा दाबही मदत करत असतो. लेहच्या उंचीवर, म्हणजे सुमारे साडेतीन हजार मीटरवर, हा दाब समुद्रसपाटीच्या मानानं दोन तृतीयांशच उरतो. तेल दाट आणि त्याला ढकलणारी हवा विरळ! त्यामुळे सपाट प्रदेशात उणे दहाला जे निभावतं, ते इथे निभावेलच असं नाही. त्याच विरळ हवेमुळे इंजिनाचाही दम कमी पडतो आणि लिव्हरवर बसलेल्या माणसाचाही.

आणखी एक छुपा धोका फिल्टरचा. दाट तेल गाळणीतून जाईना की दाब वाढतो आणि गाळणीची आडवाट उघडते. तेल न गाळताच पुढे जातं. म्हणजे सकाळी घाईनं सुरू केलेलं यंत्र दिवसाचं पहिलं काम करतं ते कचरा पोटात घेऊन.

पहिला अर्धा तास

म्हणूनच थंड मुलखात दिवसाचा पहिला अर्धा तास कामाचा नसतो, यंत्राचा असतो. आधी यंत्राभोवती एक फेरी. खाली तेलाचा डाग आहे का? होज पाइपावर बर्फ धरलाय का? रॉडवर दव गोठलंय का? मग इंजिन सुरू करून ते संथ गतीवर ठेवायचं. लिव्हरला लगेच हात लावायचा नाही. थोड्या वेळानं बकेट हळूहळू, अर्ध्या अंतरापर्यंत हलवायची. मग पूर्ण. मग हात, मग बूम, मग गोल फिरवणं. एकेक हालचाल चार-सहा वेळा.

यातली मेख अशी, की टाकीतलं तेल कोमट झालं म्हणजे यंत्र कोमट झालं असं नव्हे. बूमच्या टोकाच्या सिलिंडरमध्ये रात्रभर पडून राहिलेलं तेल अजून काकवीच असतं. ते परत टाकीत येऊन त्याच्या जागी गरम तेल जाईपर्यंत प्रत्येक अवयव वेगळा हलवावाच लागतो. शिवाय गार पडलेल्या भागात एकदम गरम तेल घुसलं तर आतला भाग आधी फुगतो, बाहेरचा मागे राहतो आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. गार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतल्यावर पेला तडकतो ना, तीच गोष्ट. साधारणपणे तेल वीस-पंचवीस अंशांवर आलं की पूर्ण कामाला हात घालावा.

आता कुणी म्हणेल, टाकीखाली शेकोटी पेटवली तर? पहाडी रस्त्यांवर ट्रकच्या टाकीखाली स्टोव्ह किंवा शेकोटी पेटवण्याची सवय जुनी आहे. पण गळक्या जोडातून उडालेला तेलाचा बारीक फवारा ठिणगीला किती पटकन पेटतो, हे पाहणाऱ्यानं पुन्हा ती हिंमत करू नये. तेल पातळ करायला त्यात रॉकेल ओतणं हेही असंच. तेल पातळ होतं खरं, पण वंगणपणा जातो आणि पंप घासून निघतो. त्यापेक्षा विजेवर चालणारा टाकीचा हीटर, गरम हवेचा ब्लोअर, रात्री अंगावर जाड ताडपत्री आणि मुळात हिवाळी प्रतीचं तेल, हे उपाय स्वस्त पडतात. हिवाळी तेल थंडीत कमी दाटतं. मात्र उन्हाळ्यात यंत्र खाली मैदानात आणलं तर त्याला कुठलं तेल चालेल, हे निर्मात्याच्या पुस्तकात पाहूनच ठरवावं. नाहीतर तेच तेल गरज नसताना जास्त पातळ होऊन बसतं.

कुकरची रिंग आणि चॅलेंजर

प्रेशर कुकरची रिंग जुनी होऊन कडक झाली की वाफ शिट्टीऐवजी कडेनं निघते, हा अनुभव घराघरातला. हायड्रॉलिक सिलिंडरमधली रबराची सीलं म्हणजे अशाच रिंगा. नव्या कोऱ्या असल्या तरी थंडीत त्या तात्पुरत्या म्हाताऱ्या होतात. लवचीकपणा जातो, दाबाबरोबर त्या पसरत नाहीत आणि कडेनं तेल झिरपायला लागतं.

गार पडलेली रबराची रिंग काय करू शकते, याचा धडा जगानं 28 जानेवारी 1986 रोजी घेतला. अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत कोसळलं आणि सातही अंतराळवीर गेले. रात्रभर कडक थंडी पडली होती. अग्निबाणाच्या सांध्यातली रिंग गारठून कडक झाली होती. चौकशी समितीसमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा एक तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून चिमटा सैल केला. रबर लगेच पूर्ववत झालं नाही. एवढ्या साध्या प्रयोगानं सगळ्यांना कारण दिसलं. तेही दिसलं, की रिंगबद्दल अभियंत्यांनी आदल्या रात्री धोक्याची सूचना दिली होती, पण उड्डाणाची घाई होती.

आपल्या यंत्राबाबत हा धडा असा. सकाळी जोडातून तेल झिरपतं, दुपारी यंत्र तापलं की थांबतं आणि मेकॅनिक म्हणतो, 'आपोआप बसलं.' बसलेलं नसतं. उद्या सकाळी तीच गळती परत येणार असते, आणि उद्या कदाचित त्या सिलिंडरवर दोन टनांचा लोड लटकत असेल. सकाळची गळती वहीत लिहून ठेवायची आणि थंडीला टिकणारं सील मागवायचं, हेच खरं.

चिक्कीसारखं पोलाद

गुळाचा पाक गरम असताना वाकतो, ताणला जातो. गार झाला की त्याची चिक्की होते. वाकवायला गेलं की कट्‌कन मोडते, आधी काही इशारा नाही. काही प्रकारचं पोलादही थंडीत असंच वागतं. 16 जानेवारी 1943 च्या रात्री अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे स्केनेक्टडी नावाचं नवं कोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं असताना मधोमध दुभंगलं. ना वादळ, ना टक्कर. थंडीत ठिसूळ झालेलं पोलाद आणि वेल्डिंगमधला दोष, एवढंच कारण पुरलं. त्यानंतर पोलाद किती गारठ्यात ठिसूळ होतं, याची चाचणी हा अभियांत्रिकीतला मोठा विषय झाला.

क्रेनचा बूम, साखळी, हूक, फोर्कलिफ्टचे दात हे सगळं पोलादच. त्यामुळे ठराविक तापमानाखाली किती कमी वजन उचलायचं आणि कुठल्या तापमानाखाली उचलायचंच नाही, हे क्रेनचे निर्माते आपल्या पुस्तकात सांगतात. वजन एकच, क्रेन एकच, पण जुलैत उचललेलं जानेवारीत उचलता येईलच असं नाही. शिवाय लोड जमिनीला गोठून चिकटलेला असू शकतो. ऑपरेटर लिव्हर ओढतो, लोड हलत नाही, तो आणखी ओढतो आणि बर्फ अचानक सुटतं. सगळा झटका बूमवर येतो. म्हणून आधी लोड पहारीनं मोकळा करायचा, मग उचलायचा. खाली सोडतानाही तेच भान हवं. दाट तेलामुळे लोड आधी रेंगाळतो. लिव्हर पुढे लोटली, की मग तो एकदम खाली येतो. खाली कुणी उभं असता कामा नये, हे सांगायला नको.

टाचणीएवढं भोक

आता सर्वांत जपण्याची गोष्ट. थंडीत होज पाइपही कडक होतो आणि वळणावर त्याला चीर पडते. चीर टाचणीच्या टोकाएवढी असते, पण आत शेकडो बार दाब असतो. तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही. कुठून गळतंय ते पाहायला कुणी हात फिरवला, तर ती धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. वरून दिसतो फक्त एक लाल ठिपका. पहिला तासभर दुखतंही कमी. गारठलेल्या बोटांना तर ते कळतही नाही. माणूस म्हणतो, 'काटा टोचला असेल.' पण आत तेल स्नायूंमध्ये पसरत असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हात गमावण्याची वेळ येते.

म्हणून गळती शोधायला पुठ्ठा किंवा लाकडाची फळी वापरायची, हात कधीच नाही. जोड उघडण्याआधी बकेट जमिनीला टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि लिव्हर हलवून उरलेला दाब सोडायचा. आणि कातडीत तेल शिरल्याचा नुसता संशय आला तरी थेट शल्यचिकित्सकाकडे जायचं. तिथे गेल्यावर 'दाबाखालचं तेल शिरलंय' हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. आपल्या घरातलं कुणी गॅरेजात, कारखान्यात, जेसीबीवर काम करत असेल, तर हा परिच्छेद त्याला जरूर वाचून दाखवा. यासाठी लडाखची थंडी लागत नाही, नाशिक-नागपूरच्या उन्हातही हे घडू शकतं.

खरी निगा संध्याकाळी

सकाळी यंत्र कसं सुरू होणार, हे आदल्या संध्याकाळी ठरतं. काम संपलं की पट्ट्यांमधला चिखल-बर्फ काढायचा, नाहीतर रात्रीत तो दगड होतो. यंत्र ओल्या मातीवर नव्हे, लाकडी फळ्यांवर उभं करायचं. नाहीतर पट्टे जमिनीला गोठून बसतात आणि सकाळी ओढाओढीत गिअर तुटतो. रॉड जितके आत घेता येतील तितके घ्यायचे. उघडा राहिला तो पुसून कोरडा करायचा, कारण त्यावर गोठलेला बर्फ सकाळी सीलाला कानशीसारखा घासतो. डिझेलची टाकी भरून ठेवायची. रिकाम्या टाकीत हवा राहते, हवेतली वाफ थंड होऊन पाणी होते आणि ते पाणी नळीत गोठून बसतं.

बॅटरीचंही असंच. उणे अठराच्या आसपास बॅटरीचा जोर जवळपास निम्म्यावर येतो, आणि दाट तेलामुळे इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. पुरी चार्ज केलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेली शून्याच्या थोडं खालीच गोठून फुटू शकते. काही यंत्रांत दाब साठवायला नायट्रोजन वायूचा गोळा असतो. वीस अंशांवर भरलेला वायू उणे वीसला आला की त्याचा दाब साधारण चौदा टक्क्यांनी उतरतो. तो बिघाड नव्हे, निसर्गनियम आहे. पण हे ठाऊक नसलेला माणूस वायू जास्त भरून बसतो.

साध्या डिझेलमधलं मेणही थंडीत तुपासारखं थिजतं. लडाखच्या रहिवाशांना आणि वाहनचालकांना याचा त्रास वर्षानुवर्षं होता. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 मध्ये तिथल्यासाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं, तेव्हा तो बराचसा सुटला.

गोव्याहून दक्षिण ध्रुवाकडे

हे सगळं शास्त्र फक्त हिमालयापुरतं नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर 1981 मध्ये निघाली ती आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावरून. डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे नेते होते. पुढे 1989 मध्ये मैत्री आणि 2012 मध्ये भारती ही संशोधन केंद्रं तिथे उभी राहिली. भारतीची इमारत तर 134 कंटेनरांची आहे. या केंद्रांचा कारभार आजही गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. शास्त्रज्ञांचे फोटो छापून येतात. पण जहाजातून बर्फावर उतरवलेला प्रत्येक कंटेनर, प्रत्येक इंधनाचं पिंप कुणीतरी क्रेनच्या लिव्हरवर बसून उचललेलं असतं. हिवाळ्यात मागे थांबणाऱ्या चमूत म्हणूनच शास्त्रज्ञांइतकीच गरज मेकॅनिकची असते. तिथे सुटा भाग संपला तर पुढचं जहाज उन्हाळ्यात येतं.

भिंतीपलीकडची माणसं

आता पुन्हा त्या बर्फाच्या भिंतीपाशी येऊ. श्रीनगर-लेह रस्त्यावरचा झोजी ला हा घाट साडेअकरा हजार फुटांवर आहे. पूर्वी तो हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. लडाखला तेवढे महिने पुरेल एवढं धान्य आणि इंधन आधीच भरून ठेवावं लागे. 1960 साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना हा घाट मोकळा करते. 2022 मध्ये तो 73 दिवस बंद राहिला, 2023 मध्ये 68 दिवस आणि 2025 मध्ये अवघे 32 दिवस. या आकड्यांमागे स्नो कटर, डोझर आणि पोकलेन आहेत. त्यांच्या केबिनमध्ये बसलेली माणसं आहेत. रस्त्यावर राबणारे झारखंडच्या दुमक्यासारख्या भागांतून आलेले मजूर आहेत, ज्यांनी तिथे येईपर्यंत बर्फ पाहिलेलंही नसतं. वर कधीही सुटू शकणारे हिमकडे असतात. अशा जागी यंत्र मधेच बंद पडणं म्हणजे नुसता कामाचा खोळंबा नसतो. कोसळणाऱ्या उताराखाली अडकून पडणं असतं.

म्हणूनच तो सकाळचा अर्धा तास वाया गेलेला नसतो. ट्रकवाले घड्याळ पाहतात, साहेब रेडिओवर विचारतात आणि ऑपरेटर मात्र शांतपणे बकेट वर-खाली करत बसतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, हा खेळतोय. तो खेळत नसतो. तेल कुठपर्यंत पोहोचलं, ते तो हाताला लागणाऱ्या लिव्हरवरून ओळखत असतो.

पुढच्या थंडीत खोबरेलाची बाटली गरम पाण्यात ठेवाल आणि घरातलं कुणी घाई करू लागेल, तेव्हा त्याला या माणसाची गोष्ट सांगा.